उत्तरेच्या भिंतीवरचा डाग

आमच्या आप्पांना चित्रांचा नाद कसा लागला, हे त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मी सांगायचं असं ठरलं होतं. भाषण लिहून तयार होतं. अनगोळच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून, तेव्हा भाषण लिहिणं मला काही अवघड नाही. तीन पानं, सुवाच्य अक्षर, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं एक वाक्य. त्यातलं काहीच खरं नव्हतं, हे मला त्याच दिवशी सकाळी सव्वादहाला कळलं.

आप्पा म्हणजे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आप्पाण्णा. घरात कन्नड, वखारीत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. तंबाखूची मूठ हातात घेऊन चुरगळली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले, की ती कुठल्या गावच्या मातीतली आणि तिला पाऊस कधी लागला ते सांगायचे. साठीला त्यांनी धंदा बंद केला. माझा धाकटा भाऊ सन्मती पुण्यात नोकरीला चिकटला होता आणि मी लग्न होऊन बेळगावात. वखार चालवणार कोण? लोकांना वाटलं, आता जागा मंगल कार्यालयाला देतील आणि सुखानं आमच्या जैन बस्तीत देवापुढे जाऊन बसतील. आप्पांनी वखार झाडली, धुतली, भिंतींत उंच खिडक्या काढून घेतल्या आणि तिथं चित्रं टांगायला सुरुवात केली.

चित्र घ्यायची त्यांची एक पद्धत होती आणि तिची मला भयंकर लाज वाटायची. चित्रापुढे बराच वेळ उभं राहायचं. मग चित्रकाराला विचारून कोपरा अंगठ्यात आणि बोटात धरायचा, वाकून वास घ्यायचा आणि डोळे मिटायचे. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात एक तरुण चित्रकार तर पुढे धावला, त्याला वाटलं म्हातारा चाटतोय की काय. पण आप्पांची पारख चुकायची नाही. नाव होण्याआधी ज्यांची चित्रं त्यांनी घेतली, त्यांतले दोघेतिघे पुढे नावारूपाला आले. पंचवीस वर्षांत एकशेचाळीस चित्रं जमली: उसाचे फड, नदीचे घाट, बाजाराचे दिवस, बैल, म्हशी, देवळांच्या पायऱ्या, वांगी, कांदे.

एकशेचाळीसात लहान मूल एकही नव्हतं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एकदा कडोलीच्या साहित्य संमेलनाला मी त्यांना घेऊन गेले होते. मांडवाच्या कडेला एका बाईनं स्वतःची चित्रं मांडली होती, त्यात एक होतं भिंतीला टेकून बसलेल्या आईचं आणि तिच्या मांडीवरच्या तान्ह्या पोराचं. आप्पा त्याच्यापुढे गेले, थबकले, आणि समोर आलेला चहासुद्धा न घेता गाडीत जाऊन बसले.

"आप्पा, चांगलं होतं की चित्र," मी म्हटलं.

"व्हय. लई चांगलं हुतं." आणि त्यांनी गाडीची काच वर केली.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरेची भिंत. बाकीच्या तिन्ही भिंती चित्रांनी भरल्या, उत्तरेची मात्र रिकामी. वरून पांढरट आणि खाली, गुडघ्याच्या जरा वर, एक तपकिरी डाग. वखारीची जुनी दगडमातीची भिंत, पावसात ओल धरायची, तेव्हा डाग गडद व्हायचा. उन्हाळ्यात फिका पडायचा. दरसाल सगळ्या वखारीला रंग लागे, ही एक भिंत सोडून. "असू दे," म्हणायचे आप्पा. मी म्हटलं, म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय.

त्या भिंतीपुढे एक लोखंडी खुर्ची असायची. दुपारचं जेवण झालं की आप्पा तिच्यावर जाऊन बसत. पासष्टाव्या वर्षी त्यांनी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची शिकवणी लावली, आणि मग खुर्चीत बसताना मांडीवर फळी आणि हातात कोळशाची कांडी आली. मी एकदा मागून जाऊन पाहिलं. कागदावर एक भोपळा होता. वर लहान, खाली मोठा.

"आप्पा, भोपळा काढताय व्हय?"

त्यांनी कागद पालथा घातला. "जमंना गं. उद्या परत काढू."

वीस वर्षं त्यांनी तो भोपळा काढला. मी फोनवर चिडवायची, "आज भोपळ्याला देठ आला का?" कधी हसायचे, कधी नाही. आता ते आठवलं की मला स्वतःचंच तोंड फोडून घ्यावंसं वाटतं.

मागच्या साली दिवाळीच्या आधी, शहाऐंशीव्या वर्षी, आप्पा दुपारी त्या खुर्चीतच गेले. फळी मांडीवर तशीच होती.

या वर्षी पुण्यस्मरण करायचं ठरलं. बेळगावची, कोल्हापूरची चित्रकार मंडळी येणार, वखार सगळ्यांना उघडून दाखवायची. मी पंधरा दिवस आधीच निपाणीला आले आणि कामाला लागले. चित्रं पुसली, नावांच्या पट्ट्या लावल्या. आणि दारातून आत आलं की पहिल्यांदा काय दिसतं? समोर तो डाग. माझ्या शाळेत भिंतीवर पानाची पिंक दिसली तर मी त्याच दिवशी रंगारी बोलवायची. आप्पांच्या नावानं एवढी माणसं येणार आणि त्यांनी आधी हे पाहायचं?

युवराज रंगाऱ्याला बोलावलं. गुंडू, आमचा जुना वॉचमन, दारात घुटमळत होता.

"आक्का, त्या भिंतीला मालक रंग लावू देत नव्हतं."

"मालक गेले, गुंडू. आता मी सांगते."

पहिला हात मारून युवराज गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत कच्च्या तंबाखूचा वास, इतका की मला ठसका लागला. पंचवीस वर्षांत वखारीत तंबाखूचं पान आलं नव्हतं. आणि भिंतीवर डाग पुन्हा होता. नव्या पांढऱ्या रंगावर, जागच्या जागी.

"तंबाखूचं तेल असतंय आक्का," युवराज म्हणाला. "निपाणीतल्या सगळ्या जुन्या वखारींत असंच हाय. रंगातनं वर येतंय." त्यानं प्रायमर मारला, त्यावर दुसरा हात. दोन दिवस भिंत कोरी राहिली. तिसऱ्या दिवशी डाग परत, आणि आता त्याला कडा होत्या.

युवराज बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग उठून चपला घातल्या.

"आक्का, राग मानू नका. मला हे ल्हान पोरगं वाटतंय. हात वर केल्यागत."

मी त्याला असं झापलं की बिचारा पाणी न पिता गेला. पण मलाही ते दिसलं होतं. वर लहान गोल, खाली मोठा गोल, आणि दोन बाजूंना वर गेलेले दोन आखूड हात. आप्पांच्या टेबलाचा खण मी वर्षभर उघडला नव्हता, तो त्या दिवशी उघडला. आत कागदांची चळत, वरपासून खालपर्यंत तेच. कुठे एक हात लांब, कुठे डोकं मोठं. भोपळा नव्हताच तो. माझा बाप वीस वर्षं भिंतीवरचा हा डाग काढत होता.

मी घाबरले. आणि मी घाबरले की जास्त शिस्तशीर होते, हा माझा जुना दोष आहे. मला वाटलं, म्हातारपणी आप्पांना भ्रम झाला होता. ओलीच्या डागात त्यांना पोर दिसत होतं आणि आपण बेळगावात बसून फोनवर थट्टा करत होतो. एवढ्या मंडळींपुढे हे उघडं पडायला नको. आप्पांना माणसांनी पारखी म्हणून लक्षात ठेवावं, वेडा म्हणून नाही. मी युवराजला परत बोलावलं आणि म्हटलं, पुट्टी लाव, ऑइलचा प्रायमर लाव, काय वाटेल ते लाव, पण हा डाग मला परत दिसता कामा नये. त्यानं बादलीवरचा मजकूर वाचून दाखवला. दहा वर्षं डाग वर येणार नाही, ग्यारंटी. अंधश्रद्धा बाजूला ठेवून, नाकाला फडकं बांधून त्यानं ते काम केलं आणि भिंत स्वच्छ झाली.

त्यानंतरचे आठ दिवस मला त्या हॉलमध्ये एकटं थांबवत नव्हतं. भर दुपारी, लख्ख उजेडात. पाठ उत्तरेकडे केली की गुडघ्याच्या मागे गार लागायचं. एकदा चित्राची पट्टी सरळ करताना पदर खालून कुणीतरी ओढला. वळून बघते तर तो लोखंडी खुर्चीच्या पायाला अडकलेला. खुर्ची मी सकाळी दाराशी नेऊन ठेवली होती असं मला पक्कं आठवत होतं. गुंडूला विचारलं तर म्हणाला, "मी न्हाय हालवली. मी आत जातच न्हाय आता." आणि शिंका. मला, गुंडूला, फुलं घेऊन आलेल्या माणसाला. त्या भिंतीजवळ गेलं की शिंक यायचीच, पूर्वी तंबाखू चाळताना बायका शिंकायच्या तशी. मी चिडून युवराजच्या रंगाला नावं ठेवली.

पुण्यस्मरण गुरुवारी होतं, दिवाळीच्या आधीच्या. सकाळी णमोकार मंत्र झाला, आप्पांच्या फोटोला हार घातला. साडेदहाला भाषण. मंडळी चित्रं बघत फिरत होती. दोघंतिघं उत्तरेच्या भिंतीशी जाऊन शिंकून आली. सन्मती पुण्याहून आला होता, तो सगळ्यांना चहा देत होता.

सव्वादहाला दारातून एक म्हातारी आत आली. काष्ट्याचं लुगडं, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. ऐंशीच्या पुढची असेल. ती कुणाकडे बघेना, एकशेचाळीस चित्रांतल्या एकाकडेही बघेना. सरळ चालत उत्तरेच्या भिंतीशी गेली, चपला काढल्या आणि खाली बसली. हात पुढे केला आणि भिंतीवर टेकवला, नेमका तिथं. भिंतीवर काहीही नव्हतं, तरी तिच्या हाताला जागा बरोबर ठाऊक होती.

तिनं तळवा इकडे तिकडे फिरवला. मग मान वर करून विचारलं, "कुठं गेली?"

मी जवळ गेले. "कोण, आजी?"

"मंगल."

गुंडू माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, "राजाबाई हैत. सौंदलग्याच्या. आपल्यात तंबाखू चाळायला हुत्या पूर्वी. दिवाळीच्या आदल्या गुरुवारी येत्यात दरसाल. मालक दार लावून घ्यायचं आनि दोघं हितं बसायची. मला वाटायचं, जुनी कामगार, दिवाळीचं लुगडं न्यायला येती."

"गेल्या साली आलतो," राजाबाई म्हणाली, "तर कुलूप हुतं. मालक गेल्यालं तवा कळलं. तू थोरली काय? अनुराधा?"

मी मान हलवली. ती भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, "राजाबाई, ही भिंत मी रंगवून घेतली. इथं डाग होता."

"डाग," ती म्हणाली. मग पुन्हा, "डाग. मालक बी हेच म्हनलं हुतं."

आणि तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. माणूस बाजारहाटाचं सांगतं तसं सांगितलं.

"सत्तेचाळीस वरसं झाली. पोर माझी दीड वर्साची झाली तरी उभी ऱ्हाईना. लोकं म्हनायची, पांगळी हाय. तिला इथंच वखारीत घिऊन यायचो, पोत्यावर निजवायचो. एका गुरवारी जेवायच्या सुट्टीला मी भाकरी खात हुतो आनि ही रांगत रांगत ह्या भितीजवळ आली. भितीला धरलं आनि उभी ऱ्हायली. दोनी हात वर करून. तिचा बा संकेश्वरला साखर कारखान्यावर, ऐतवारी घरी यायचा. त्याला सांगून पटलं असतं व्हय? मग मी तंबाखूची भुकटी पान्यात कालवली आनि तिच्या भवतीनं बोट फिरवलं. डोस्क्यापासनं टाचंपतूर. म्हटलं, ऐतवारी त्याला हितं आनतो आनि दावतो. एवढी उभी ऱ्हायली बघ तुजी लेक."

तिनं पदरानं ओठ पुसले.

"शनवारी कंपनीचं सायब येनार हुतं माल बघायला. म्हनून शुकरवारी चुना लावाय काढला. मी मालकास्नी म्हटलं, एवढा तुकडा सोडा, ऐतवारपतूर. मालक घाईत हुतं. म्हनलं, अगं डाग त्यो, उद्या परत काढ की."

मी दहा वर्षांची होते तेव्हा. तो चुन्याचा दिवस मला आठवतो, ओल्या चुन्याचा आणि तंबाखूचा मिळून झालेला तो झोंबरा वास आठवतो. आम्हांला तो आवडायचा, दिवाळी आली असं वाटायचं.

"ऐतवारी तिला ताप हुता. उभी कशी ऱ्हानार? पुढच्या गुरवारी गेली." राजाबाईनं भिंतीवरचा हात काढला नव्हता. "तिच्या बाला शेवटपतूर पटलं न्हाय. म्हनायचा, मला बरं वाटावं म्हनून सांगतीस तू."

"मग?" मी विचारलं.

"मग पावसाळा आला. भित वली झाली आनि चुन्यातनं ती वर आली. मालक आमच्या दारात आलं. आत न्हाय आलं, भाईरच उभं ऱ्हायलं. तोंड पांढरं. म्हनलं, राजा, ती आलीया. तवापासनं मी येतो. दरसाल."

"आप्पा काय बोलायचे तुमच्याशी?"

"काय न्हाय. कागद दावायचं. म्हातारपनी चित्र काढाय शिकलं न्हवं का, ती कागदं. इचारायचं, राजा, ही हाय काय? मी म्हनायचो, न्हाय मालक. ही न्हवं. मग म्हनायचं, बरं, उद्या परत काढतो."

मी उठले, आप्पांच्या खणातली सगळी चळत घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवली. तिनं हातसुद्धा लावला नाही. "बघितल्यात सगळी," म्हणाली. "लई कष्ट घेतलं त्यांनी. पर जमलं न्हाय."

युवराज चहाला आला होता, त्याला एकदम आठवलं. काम सुरू करायच्या आधी तो फोनवर फोटो काढायचा. त्यानं फोन पुढे केला. फोटोत डाग होता, अर्धा रंगाच्या बादलीमागे. राजाबाईनं त्यावर बोट ठेवलं, आणि फोटो सरकून गेला. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातली निळी मोरी आली. तिनं बोट मागे घेतलं. परत दाखवायला युवराज धडपडला तर मान हलवून नको म्हणाली. "हात लावला की जातीय," म्हणाली.

मग माझा संयम सुटला. मी ओरडले, "युवराज, पत्रा आण. खरवडायचा पत्रा आण आत्ताच्या आत्ता." सगळी मंडळी वळून बघायला लागली. सन्मती धावत आला. मी भिंतीवर नखांनी सुरुवातही केली होती. राजाबाईनं माझं मनगट धरलं. केवढी ताकद होती त्या हातात, एवढी वर्षं चाळणी हलवलेला हात तो.

"खरडू नगंस. पुट्टीसंगं ती बी निघंल." तिनं माझा हात खाली ठेवला. "मालकांनी बी लावलता की चुना. आली न्हवं? येती ती. ह्यो तुजा रंग किती दिस टिकतोय?"

युवराजनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं मिटलं.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

तिनं बोटांवर काहीतरी धरलं. "दोन व्हय," म्हणाली. "जमंल."

तीस वर्षं मी मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. ते दोन वर्षांचं खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

साडेदहा वाजून गेले होते. मंडळी खुर्च्यांवर बसली. मी उभी राहिले, तीन पानांची घडी केली आणि कमरेला खोचली. मी सांगितलं की आमच्या आप्पांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं खरं चित्र त्यांनी स्वतःच चुन्यानं पुसलं. त्यानंतर त्यांनी एकशेचाळीस चित्रं घेतली आणि एकाही चित्रात ते सापडलं नाही. आणि आज सकाळी इथं तुम्हां सगळ्यांना स्वच्छ भिंत दिसावी म्हणून तेच काम त्यांच्या लेकीनं पुन्हा केलं. मी आप्पांना रागानं बोलले, त्यांच्या फोटोकडे बघून बोलले. मला का नाही सांगितलंत? लाज वाटली? मग मला आता काय वाटतंय ते बघा. राजाबाई भिंतीशी बसून ऐकत होती. तिनं पिशवीतून मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा काढून भिंतीच्या बुडाशी ठेवला होता, आणि एवढ्या माणसांतून कुणालाही तिकडे बघवत नव्हतं.

सन्मती नंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जाताना म्हणाला, "आप्पांनी मरेपर्यंत झाकलं, तू दहा मिनिटांत चव्हाट्यावर मांडलंस." खरं आहे. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. कधी कधी होतो.

मी बेळगावला परत गेले नाही. वखारीच्या मागे, उत्तरेच्या बाजूला बोळ आहे. रोज सकाळी सातला मी तिथं नळाची पाइप घेऊन उभी राहते आणि भिंतीला बाहेरून पाणी मारते. दगडमातीची भिंत आहे, पाणी पिते. आतून रंगानं तोंड बंद केलं असलं तरी ओल कधीतरी वाट काढणारच. बोळातल्या बायका आधी बघत राहायच्या, मग हसायला लागल्या. गुंडू म्हणतो, "आक्का, पानी घालून भित वाढत न्हाय." युवराज येऊन हात जोडून गेला की मागून पाणी मारलं तर कंपनी ग्यारंटी देत नाही. मी म्हटलं, बाबा रे, तीच तर नकोय मला. सन्मती फोनवर म्हणतो, भिंत पडेल. पडेलही. मला रोज भीती वाटते, भिंत आधी पडते की राजाबाई आधी जाते की मंगल आधी येते. तिघींच्या मध्ये मी पाइप धरून उभी आहे.

राजाबाई आता दर गुरुवारी येते. वर्षातून एकदाच कशाला, दोनच तर वर्षं हैत, म्हणते. खोकला वाढलाय तिचा. मी आप्पांच्या खुर्चीत बसते, ती खाली. मी तिला खुर्ची दिली तर म्हणाली, "तिथनं पोर दिसत न्हाय. मालक उगाच बसायचं वर." मीही मग खाली बसायला लागले. हॉलमध्ये अजून तंबाखूचा वास येतो आणि गुडघ्यामागे गार लागतं. आता मी दचकत नाही. एकदा तर पदर अडकला तेव्हा मी न वळता म्हटलं, थांब गं, येतंय पाणी.

परवाच्या गुरुवारी, साडेतीन महिन्यांनी, भिंतीच्या बुडापाशी रंगाला फोड आलेला दिसला. रुपयाएवढा. मी राजाबाईला दाखवला. तिनं नखानं हळूच दाबलं आणि टिकलीएवढा रंग पुट्टीसकट गळून पडला. खाली ओलसर चुना, आणि त्या चुन्यावर तपकिरी रंगाची एक वाकडी रेघ, बोटभर.

मी विचारलं, आणि विचारल्यावर लक्षात आलं की हे शब्द माझे नाहीत.

"राजाबाई, ही हाय काय?"

ती वाकली. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं, आणि या वेळी काही सरकून गेलं नाही. मग म्हणाली, "व्हय. टाच हाय तिची."

बोट काढताना ते तपकिरी झालं होतं. तिनं ते पुसलं नाही. मी रडत होते, ती माझ्याकडे बघून जरा वैतागली.

"रडतीस काय? नुसत्या टाचंवर कशी उभी ऱ्हाईल पोर?" ती म्हणाली. "उद्या परत घाल पानी."